औषधाच्या खिडकीवरचे गैरसमज

जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढायला एक रांग, डॉक्टरांना दाखवायला दुसरी आणि औषधाच्या खिडकीवर तिसरी. तिथवर पोहोचेपर्यंत माणूस वैतागलेला असतो. अशात खिडकीतून विचारणा होते, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" की मागून कुणीतरी ओरडतो, "डॉक्टरांनी लिहिलंय ना, द्या की!"

गैरसमज : डॉक्टर लिहितात, फार्मासिस्ट फक्त मोजून देतो.

डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णाला औषध देण्याची मुभा वगळली, तर चिठ्ठीवरचे औषध देण्याचा अधिकार 1948च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टलाच दिला आहे. चिठ्ठी तपासणे आणि औषध कसे, किती दिवस घ्यायचे हे रुग्णाला समजावणे ही त्याची कर्तव्ये 2015च्या नियमावलीत लिहिलेली आहेत. म्हणजे प्रश्न विचारणे हे त्याचे कामच आहे.

आणि ते का, हे उदाहरणांतून चटकन कळते. आमवातावर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. घाईत 'रोज एक' लिहिले गेले, किंवा रुग्णाने तसे समजून घेतले, तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते आणि जीवावर बेतू शकते. क्षयावरचे रिफाम्पिसिन गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते. आशाताईंकडून माला-एन घेणारी बाई टीबीच्या डॉक्टरांना ते सांगेलच असे नाही, आणि गर्दीत डॉक्टरांना ते विचारायचे सुचेलच असेही नाही. याच रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. आधी कुणी सांगितले नसेल, तर घाबरून गोळ्या बंद करणारे निघतात. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही गोळ्या मिळतात, पण त्या एका वेळी घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही. मध्ये किमान दोन तासांचे अंतर हवे. हे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.

गैरसमज : फार्मासिस्टने शंका काढली की डॉक्टरांचा अपमान होतो.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. तिथे अतिदक्षता विभागात डॉक्टरांच्या राउंडला फार्मासिस्टही सोबत जाऊ लागला. औषध लिहिताना झालेल्या चुकांमुळे होणारे, टाळता येण्याजोगे अपाय 66 टक्क्यांनी घटले. फार्मासिस्टने केलेल्या 366 सूचनांपैकी 362 डॉक्टरांनी मान्य केल्या. अपमानाची भीती किती पोकळ आहे, हे या एका आकड्यावरून दिसते.

आपली ओपीडी म्हणजे बोस्टनचा अतिदक्षता विभाग नव्हे, हे खरेच. पण एक फोन तर करता येतो. तो न करता "डॉक्टरांना विचारून या" म्हणून चिठ्ठी परत हातात दिली जाते, तेव्हा आजारी माणसाचाच पोस्टमन होतो. असल्या कारभाराला सहकार्य म्हणू नये. फार्मसी आणि ओपीडी यांच्यात चालू असलेला अंतर्गत फोन ही काही चैन नाही.

गैरसमज : गोळीचा रंग बदलला, म्हणजे खिडकीवर औषध बदलले.

सरकारी रुग्णालयात औषध बहुधा मूळ नावाने, म्हणजे जेनेरिक येते. पुरवठादार बदलला की वेष्टन आणि रंग बदलतो, आतला घटक तोच असतो. घटकच बदलायचा असेल, तर डॉक्टरांना विचारावेच लागते. साठा संपला, तर दोष खिडकीवरच्या माणसाला देऊनही उपयोग नाही. तो मागणीपत्र पाठवतो, खरेदी त्याच्या हातात नसते. मात्र आज काय शिल्लक आहे, याची यादी रोज सकाळी ओपीडीत पोहोचली, तर नसलेले औषध लिहिलेच जाणार नाही.

गैरसमज : औषधाची रिअॅक्शन नोंदवणे म्हणजे डॉक्टरांविरुद्ध तक्रार.

अजिबात नाही. 2010पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. तिथली नोंद ही औषधाबद्दलची असते, ते लिहून देणाऱ्याबद्दलची नव्हे. पुरावा लागत नाही, संशय पुरतो. डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स यांच्याप्रमाणे रुग्णालाही ती करता येते. त्यासाठीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे 1800-180-3024.