बोटीचं चाक जड झालं तर

पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली स्पीडबोट मालवण-तारकर्लीच्या पाण्यात पुन्हा उतरते, तेव्हा कधी कधी स्टिअरिंगचं चाक जागचं हलत नाही. अशा वेळी जोर लावणं सर्वांत धोक्याचं.

लहान बोटींत चाक आणि आउटबोर्ड इंजिन यांना बहुधा एक केबल जोडते. प्लास्टिकच्या आवरणात तिचा पोलादी गाभा पुढे-मागे सरकतो. टोकाची दांडी इंजिनाच्या टिल्ट ट्यूब नावाच्या नळीतून बाहेर येऊन इंजिन वळवते. खारं पाणी शिरतं ते इथेच. जुनं ग्रीस वाळून चिकटतं, गंज धरतो आणि दांडी अडकते.

दोष शोधायची रीत सोपी आहे. इंजिन बंद करून दांडी आणि इंजिन यांना जोडणारा दुवा सोडवायचा, मग इंजिन हाताने डावी-उजवीकडे फिरवून पाहायचं. ते सहज फिरलं, तर दोष बहुधा केबलचा किंवा ट्यूबचा. जडच राहिलं, तर इंजिनाच्या फिरत्या सांध्याला ग्रीस हवं.

ट्यूबमधला गंज साफ करून, दांडी पूर्ण आत घेऊन मरीन ग्रीस भरलं की पुष्कळदा काम भागतं. आवरण तडकलं असेल, गंजाने फुगलं असेल किंवा गाभाच अडकत असेल, तर मात्र केबल बदलावीच लागते. आत तेल सोडून ती सुधारत नाही. नवी घेताना जुन्या आवरणावर छापलेला क्रमांक आणि लांबी पाहावी.

भर वेगात केबल तुटली, तर बोट ताब्यात राहत नाही. म्हणून जड चाकाची बोट प्रवाशांना घेऊन पाण्यात नेऊच नये.