वाटेवरची फळझाडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पानवेलींच्या आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांनी वेढलेल्या केळव्यासारख्या गावी सायकलमार्ग आखून त्याच्या दुतर्फा फळझाडे व भाजीपाला लावावा, अशी सूचना कोणी पुढे मांडली, तर तिच्या दोन्ही बाजूंनी जे बोलले जाईल त्यात विचारापेक्षा पूर्वग्रहच अधिक असावयाचे. त्यांपैकी चारांची ही छाननी.

गैरसमज : ही पाश्चात्त्यांची टूम आहे.
वस्तुस्थिती : जर्मनीतील आंडरनाख नगराने २०१० पासून सार्वजनिक जागेत भाजीपाला लावून तो नागरिकांस तोडू दिला, हे खरे, परंतु ज्या अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष आपल्याच पालघर जिल्ह्यात सोपाऱ्यास सापडले, त्याने वाटसरूंसाठी वड व आमराया लावल्याचे आपल्या सातव्या स्तंभलेखात नमूद करून ठेवले आहे.

गैरसमज : रस्त्यालगतचे फळ विषारीच.
वस्तुस्थिती : शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले, तरी मातीत मुरलेले शिसे सहजी नाहीसे होत नाही, आणि टायर-ब्रेकची धूळ पालेभाजीवर बसतेच, म्हणून जे सोलून खावयाचे ते वाहनांच्या बाजूस आणि माठ-पालक त्यापासून दूर, एवढा विवेक राखावा. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलगत मात्र मातीची तपासणी झाल्याखेरीज एकही रोप लावू नये.

गैरसमज : खाण्याजोगे कोणतेही झाड चालेल.
वस्तुस्थिती : माड खारा वारा सोसतो, पण त्याचे फळ सायकलस्वाराच्या मस्तकी पडावयाचे, जांभळांचा सडा वाट निसरडी करतो, बोरीचा काटा ट्यूबमध्ये शिरतो, आणि शेवगा लवकर शेंगा धरीत असला तरी त्याची ठिसूळ फांदी वाऱ्याने मोडते. अशी झाडे मार्गापासून दूर लावावी. कडेला कढीपत्ता व गवती चहा, सांडपाण्यावाचून ओल राहील तेथे अळू. पानवेलीस सावली आणि नित्य पाणी लागते. ती वाडीतच शोभते.

गैरसमज : सार्वजनिक झाड म्हणजे बेवारस झाड.
वस्तुस्थिती : पालघरसारख्या नगरपरिषदेच्या हद्दीत झाडांच्या जतनाचा १९७५ चा अधिनियम लागू आहे, आणि वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस यांची नावे आहेत. फळांविषयी मात्र नियम गावानेच करावयाचा : हाताला येईल ते वाटसरूचे, शेंड्याकडचे मक्तेदाराचे, आणि मक्त्याची रक्कम रोपांच्या पाण्यासाठी. वाडी टिकते ती मातीच्या गुणाने जितकी, तितकीच धन्याच्या नित्य राबत्याने. तेव्हा उन्हाळ्यात पाणी कोणी घालावे याचा बंदोबस्त पंचायतीच्या दप्तरी नोंदला गेल्यावरच खड्डे खणावे.