गिअरचा वाकडा दांडा

लवळ्याची टेकडी चढताना ऐन वळणावर गिअर पडला नाही, तर गाडी मागे येऊ लागते. कुर्ल्यात बनलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीत पुढची सीट बाकासारखी अखंड. म्हणून दांडा स्टिअरिंगपाशी. तिथून गिअरपेटीपर्यंत सळ्या आणि सांधे. सांधे झिजले की हाताची बरीच हालचाल वाटेतच जिरते. म्हणून काहीजण दांडा खाली, पेटीवरच बसवून घेतात.

आता तो साधी तरफ होतो. टेकूखाली ५ सेंमी, वर ३० सेंमी असेल, तर खालचे टोक १.५ सेंमी सरकवायला मूठ ९ सेंमी हलते. दुसऱ्या-चौथ्या गिअरला ती मागे येऊन सीटला अडते! उपाय : दांडा पुढे वाकवा. जोर जास्त लागेल? नाही. मोजायचे ते टेकूपासून मुठीपर्यंतचे सरळ अंतर. ते तेवढेच ठेवा. मात्र हात थोडा वर-खालीही न्यावा लागेल. जाड तार वाकवून, खिळ्याभोवती फिरवून वर्गात पाहता येईल.