काकडीची भुरी आंब्यावर चढते का?

थंडीत खर्डीच्या आसपास आंबा मोहोरतो आणि दमट, ढगाळ हवा आली की मोहोरावर पांढरी भुकटी दिसू लागते. विहिरीच्या पाण्यावर घेतलेल्या काकडीच्या पानांवरही तसेच पिठासारखे डाग येतात. दोन्हीला आपण भुरीच म्हणतो. मग एकीकडची भुरी दुसरीकडे जाईल का? नाही.

भुरी ही एकच बुरशी नाही. एरिसिफेसी कुळातल्या सुमारे ९०० जाती हा रोग करतात. त्या फक्त जिवंत झाडावर वाढतात. २०१० मध्ये जवावरच्या भुरीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा दिसले की स्वतंत्र जगायला लागणारी कित्येक जनुके तिने गमावली आहेत. आयते खाणाऱ्याचे असेच होते! यजमानाशी इतकी जखडलेली बुरशी सहसा कोणत्याही झाडावर बसत नाही.

काकडीवर बहुतेकदा पोडोस्फेरा झॅन्थी असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू मण्यांच्या माळेसारखे दिसतात. आंब्यावरची एरिसिफे वंशातली; तिचे बीजाणू एकेक सुटतात. कसारा घाट चढून नाशिककडे गेलात तर द्राक्षावरची भुरीही एरिसिफेच, म्हणजे आंब्याच्या भुरीची जवळची नातलग, जात मात्र वेगळी. जुन्या पुस्तकांत तिचे नाव अनसिन्युला आहे. पूर्वी वर्गीकरण फळपिंडावरच्या केसांच्या आकारावरून व्हायचे. डीएनए तपासल्यावर कळले की खरे नाते बीजाणूंच्या ठेवणीतून अधिक नीट दिसते, आणि नावे बदलली.

सर्वांत नवलाचे नाते ओकचे. १९०७ च्या सुमारास युरोपातल्या ओकवर भुरीची मोठी साथ आली. तिचा उगम कुठला, यावर बराच खल झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या बुरशीचा डीएनए आंबा, काजू आणि रबरावरच्या भुरीशी अगदी जवळचा निघाला. म्हणजे या गटाने अनोळखी झाडांवर उड्या मारलेल्या आहेत. फक्त त्या रोज घडत नाहीत.

फवारणीत मात्र नात्यापेक्षा ओळख चुकल्याने जास्त नुकसान होते. मोहोरावरच्या भुरीला १० लिटर पाण्यात २० ग्रॅम विद्राव्य गंधक चालते. काकडीवर कडक उन्हात तेच पाने करपवते. आणि पानावर वरून पिवळे, खालून राखाडी डाग असतील, तर तो केवडा. त्याचा जीव खरी बुरशीही नाही, समुद्रातल्या तपकिरी शेवाळांचा दूरचा भाऊबंद आहे. त्याच्यावर गंधकाचा उपयोग होत नाही.