आधीं कोणीं बोलावें?

ता. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं उत्तर अटलांटिक महासागरांत ‘कॅलिफोर्नियन’ हें जहाज बर्फानें वेढल्यामुळें थांबून राहिलें होतें. अकराच्या सुमारास त्यावरील बिनतारी तारमास्तर सिरिल इव्हान्स यानें तसें ‘टायटॅनिक’ला कळविलें. टायटॅनिकवरील जॅक फिलिप्स त्या वेळीं न्यूफाउंडलंडमधील केप रेसच्या ठाण्याशीं उतारूंच्या खाजगी तारांची देवघेव करीत होता. यंत्र मध्यंतरीं बिघडल्यामुळें तारांचा ढीग सांचला होता. जवळच्या जहाजाचा जोरदार ध्वनि कानांत आदळला आणि दूरच्या केप रेसचा क्षीण आवाज त्याखालीं बुडाला. वैतागून त्यानें इव्हान्सला गप्प बसविलें. इव्हान्सनें थोडा वेळ ऐकलें, मग यंत्र बंद करून तो निजावयास गेला. ११ वाजून ४० मिनिटांनीं टायटॅनिक हिमनगावर आदळलें. सुमारें १,५०० माणसें प्राणास मुकलीं.

फिलिप्सला दोष देणें सोपें आहे. पण अखेरपर्यंत मदतीची हांक पाठवीत राहून तोहि त्याच रात्रीं गेला. संकटांतील जहाजाच्या हांकेस सर्वांच्या आधीं वाट द्यावी, असा नियम १९०६ सालच्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय करारांत होताच. परंतु इव्हान्सचा निरोप ही संकटाची हांक नव्हती. कप्तानाकडे तांतडीनें न्यावयाच्या संदेशाच्या आरंभीं जी खूण पाठवीत, तीहि त्यावर नव्हती; स्नेह्यानें स्नेह्याशीं बोलावें तसा तो गेला. खूण नसलेला संदेश सामान्य रांगेंत पडतो, मग त्याच्या पोटांत कांहीं कां असेना. बिनतारी वाहतुकीची ही अडचण अद्याप सरलेली नाहीं.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज वायफायची पेटी असेल. तारांचें जाळें असेल तर दुसरी तार टाकून दुसरी वाट करतां येते. हवेंत ती सोय नाहीं. एका वाहिनीवर एका क्षणीं एकानेंच बोलावयाचें. दोघे बोलले तर बहुधा दोघांचेंहि फुकट जातें. मास्तर नसलेल्या वर्गासारखीच ही स्थिति. म्हणून प्रत्येक उपकरण आधीं कानोसा घेतें, शांतता झाल्यावर ठराविक काळ थांबतें, नंतर मनांत एक आंकडा धरून तो शून्यापर्यंत मोजतें आणि मगच बोलतें. ज्याचा आंकडा लहान, त्याची पाळी आधीं. दोघांचा आंकडा एकच निघाला कीं टक्कर होते. मग दोघेहि मोठ्या मर्यादेंतून पुन्हां आंकडा काढतात.

या सोडतींत सर्वांना सारखें लेखलें तर संभाषणाचे हाल होतात. फोनवरील बोलणें साधारणपणें दर २० मिलिसेकंदांस एक, अशा लहान लहान पाकिटांतून जातें. तें एका बाजूनें १५० मिलिसेकंदांहून अधिक रेंगाळलें तर बोलणारे एकमेकांच्या वाक्यांत अडखळूं लागतात. उलट एखादें पुस्तक उतरवून घेतांना अर्धा सेकंद उशीर झाला तर कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. यासाठीं अभियंत्यांच्या ‘आयट्रिपलई’ या संस्थेनें २००५ सालीं चार वर्ग ठरविले: आवाज, चलच्चित्र, सामान्य आणि मागें चालणारीं कामें. सोडत कायम राहिली, पण फांसे सारखे राहिले नाहींत. पांच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत शांतता झाल्यावर घरांतील फोन आवाजाच्या पाकिटासाठीं सेकंदाचे ३४ दशलक्षांश थांबतो, तर मागच्या कामासाठीं ७९. शिवाय आवाजानें ० ते ३ मधून आंकडा काढावयाचा आणि सामान्य पाकिटानें ० ते १५ मधून. टकरी होत गेल्या तर आवाजाची मर्यादा ७ वर थांबते. सामान्याची १०२३ पर्यंत वाढत जाते.

या युक्तीनें हवा मात्र तिळभरहि रुंद होत नाहीं. एकेरी मार्गावर मेलगाडी पुढें काढावयाची म्हणजे मालगाडी बाजूच्या रुळावर उभी करावी लागते, तसेंच हें आहे. सगळ्याच गाड्या मेल ठरविल्या तर? आवाजाच्या आंकड्यांची मर्यादा इतकी लहान आहे कीं तेथें गर्दी होतांच टक्कर अटळ होते, आणि मानकऱ्यांचेंच बोलणें तुटूं लागतें.

खरी गोम खुणेंत आहे. पाकिटावर सहा द्विमान अंकांची एक खूण असते. आवाजासाठीं ती ४६, म्हणजे १०१११०. वायफायला मात्र ० ते ७ एवढेच आठ दर्जे ठाऊक. पुष्कळ उपकरणांनीं यावर सोपा तोडगा काढला: पहिले तीन अंक घ्यावयाचे. १०१ म्हणजे पांच, आणि पांचवा दर्जा चलच्चित्राचा आहे. आवाजाचे दर्जे सहा आणि सात. म्हणजे योग्य खूण लावूनहि बोलणें चुकीच्या रांगेंत! ही विसंगति टाळण्यासाठीं ४६ ला सहावा दर्जा द्यावा, अशी शिफारस २०१८ सालीं इंटरनेटच्या प्रमाणलेखांत करण्यांत आली. त्यांतहि बाहेरून येतांना वाटेंतलीं जाळीं या खुणा अनेकदां पुसून टाकतात, आणि त्यांना सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. परक्यानें स्वतःच लावून घेतलेल्या बिल्ल्यावर विश्वास कोणीं ठेवावा?

मोबाइल फोनच्या जाळ्यांत म्हणूनच बिल्ला ग्राहकाच्या हातीं ठेवलेला नाहीं. प्रमाणित पद्धतींत सिमकार्डांतच ० ते ९ पैकीं एक वर्ग लिहिलेला असतो. तो कोणाच्या मोठेपणावरून नव्हे, तर सरसकट वांटलेला. त्याशिवाय ११ ते १५ हे विशेष वर्ग आहेत. त्यांत १२ सुरक्षादलांचा, १३ पाणी-विजेसारख्या सेवांचा, १४ आपत्कालीन सेवांचा. महापूर किंवा भूकंप होऊन सारें गांव एकदम फोन उचलूं लागलें कीं मनोरा कोणत्या वर्गांनीं गप्प राहावें हें प्रसृत करूं शकतो, आणि फोन तें ऐकून स्वतःच मौन धरतो.

समुद्रावर हें मौन घड्याळ पाहून पाळीत. टायटॅनिकनंतरच्या काळांत ५०० किलोहर्ट्झवर दर तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत इतर सर्व बोलणें थांबवून केवळ संकटाच्या हांकेसाठीं ऐकावयाचें असा नियम झाला. जहाजाच्या बिनतारी खोलींतील घड्याळावर ते दोन तुकडे तांबडे रंगविलेले असत. १९९९ सालीं नवी संकटसूचना-व्यवस्था पूर्णपणें अंमलांत आली आणि तीं घड्याळें निकामी झालीं. मोबाइलच्या जाळ्यांत संकटाच्या हांकेसाठीं १० हा वेगळा अंक राखलेला आहे. ० ते ९ या वर्गांना गप्प बसविलें असतांहि ती हांक चालेल कीं नाहीं, हें मनोरा त्या अंकानें निराळें कळवीत असतो.