ज्या गर्भाची नोंद होत नाही

आपल्या घरांत कुणी 'हमल गिर गया' म्हणते, कुणी 'पोट पडले'. शब्द कोणताही असो, पुढचा प्रश्न ठरलेला: हिने काय केले? हंडा उचलला असेल, पपई खाल्ली असेल, मगरिबच्या वेळी बाहेर गेली असेल. आम्ही शाळेत शिकवतो, मुलांच्या आयांशी रोज बोलणे होते. हा सवाल विचारला गेला नाही अशी बाई आम्हाला क्वचितच भेटली.

वास्तविक सुरुवातीच्या आठवड्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत दोष गर्भाच्या गुणसूत्रांत असतो. त्यात हंड्याचा काही संबंध नाही. उरलेल्यांची कारणे शोधणे मात्र अवघड. पुष्कळदा बाई डॉक्टरकडे जाण्याआधीच, कधी तर दिवस गेल्याचे कळण्याआधीच सारे संपलेले असते. त्याची नोंद कोण ठेवणार? आणि गरोदर बाईला मुद्दाम आजार देऊन काय होते ते पाहणे तर कल्पनेतही नको.

म्हणून शास्त्रज्ञ लाल तोंडाच्या माकडाकडे, म्हणजे ऱ्हिससकडे वळले. या माकडिणीला बाईसारखीच सुमारे 28 दिवसांनी पाळी येते, बहुधा एकच पिल्लू होते आणि तिची वार बरीचशी माणसासारखी असते. उंदरीण तीन आठवड्यांत एकदम अनेक पिल्ले देते. माकडिणीचा गर्भ साधारण साडेपाच महिने वाढतो. शिवाय प्रयोगशाळेत गर्भ केव्हा राहिला हे ठाऊक असते आणि वेळोवेळी सोनोग्राफी करता येते. एकही गर्भ नोंदीतून निसटत नाही.

याचा उपयोग झिका विषाणूच्या वेळी दिसला. हा विषाणू प्रथम सापडला तोही ऱ्हिसस माकडातच, 1947 साली, युगांडातील झिका जंगलात. 2015 मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळे जन्मू लागली तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. पण जी बाळे जन्मलीच नाहीत त्यांचे काय? 2018 साली अमेरिकेतील सहा माकड-संशोधन केंद्रांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या. गरोदरपणाच्या सुरुवातीला झिका झालेल्या माकडिणींपैकी 26 टक्के जणींचे गर्भ पुढे दगावले होते. आणि आजाराची लक्षणे? बहुतेकींत फारशी दिसलीच नाहीत. ओरेगॉनच्या केंद्रात तर एमआरआयमध्ये दिसले की वारेतून होणारी ऑक्सिजनची ने-आणच बिघडली होती. आई वरून ठणठणीत, आत बाळाचा श्वास कोंडलेला.

माणसांतही झिका झालेल्या दर पाचांपैकी सुमारे चौघांना काही जाणवत नाही. मग अशा बाईचा गर्भ गेला तर झिकाचे नाव कोण घेणार? पुन्हा हंडा आणि पपईच.

पिंजऱ्यातल्या त्या माकडिणींचा विचार मनातून जात नाही, हेही सांगितले पाहिजे. मेलेले पिल्लू दिवसेंदिवस उराशी धरून फिरणाऱ्या माकडिणी अभ्यासकांनी पाहिल्या आहेत. एके काळी आपल्या देशातून हजारोंनी ही माकडे परदेशी जात. 1978 मध्ये सरकारने निर्यात बंद केली. अमेरिकेतील केंद्रांत आजही भारतीय वंशाची माकडे आहेत. सहा केंद्रांनी नव्या माकडिणींना आजार न देता, आधीच्या नोंदी जोडून उत्तर शोधले, हे आम्हाला विशेष बरे वाटले.

झिका आता आपल्याकडचाही आहे. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण 2021 मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर गावात सापडला, 2024 मध्ये पुण्यात गरोदर स्त्रियांनाही लागण झाली. डेंग्यूचाच तो एडिस डास, दिवसा चावणारा, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. तेव्हा घरातली पिंपे आठवड्यातून एकदा कोरडी करून घासावीत. साथीच्या भागात गरोदर बाईला बारीक ताप, पुरळ किंवा डोळे लाल झाल्यास तपासणी करून घ्यावी. हा विषाणू पतीकडून पत्नीलाही जातो. म्हणून झिका झालेल्या पुरुषाने तीन महिने निरोध वापरावा, आणि बायको गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत.