मार्सेलिसची दुसरी उडी

लवासात दासवेच्या पाण्याकाठी उभी असलेली रंगीत घरं इटलीतल्या पोर्तोफिनोची नक्कल आहेत, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. नकलेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मोसे खोऱ्यात आधी काही नव्हतंच, या आविर्भावाला. भूमध्य समुद्रावरचं एकही जुनं बंदर असं कोऱ्या पाटीवर उभं राहिलेलं नाही. पोर्तोफिनोच्या किनाऱ्यानं पश्चिमेला जात राहिलं की मार्सेलिस लागतं. तिथल्या एका किल्ल्यानं मला कित्येक वर्षं झपाटलं आहे.

मराठी माणसाचं मार्सेलिस म्हणजे ‘मोरिया’ बोटीचं पोर्टहोल. ८ जुलै १९१०ची सावरकरांची उडी, धक्क्यावरची धरपकड, हेगचा १९११चा निवाडा, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण त्याच शहरात, जुन्या बंदराच्या तोंडाशी, सें-जां किल्ला उभा आहे आणि त्याच्याकडे आपण मान वळवूनही पाहत नाही.

बाराव्या शतकात या जागी सेंट जॉनच्या पंथाचा मठ होता. जेरुसलेमच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना आसरा देणं, आजाऱ्यांची शुश्रूषा करणं आणि वेळ आली तर तलवार उपसणं, अशी या लढवय्या साधूंची तिहेरी चाकरी. १४२३मध्ये आरागॉनच्या आरमारानं शहर लुटलं आणि बंदराच्या तोंडावरची साखळी तोडून नेली. ती आजही वालेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये टांगलेली आहे. त्यानंतर राजा रेनेनं इथे चौकोनी बुरूज बांधला. पुढची दोनशे वर्षं मी सोडून देतो.

१६६०मध्ये चौदावा लुई बंडखोर मार्सेलिसात शिरला तो वेशीतून नव्हे, तट फोडून. बंदराच्या एका अंगाला सें-निकोला आणि १६६८पासून दुसऱ्या अंगाला सें-जां, असे दोन किल्ले त्याचा इंजिनिअर क्लेरव्हिल यानं उभारले. शत्रू समुद्रातून यायचा, पण तोफांचा धाक गावाला होता. मठ किल्ल्याच्या पोटात गेला. आजाऱ्यांसाठी बांधलेल्या जागेत शिबंदी आली, मग कैदी. राजेशाहीचा हा निर्लज्जपणा मला आवडतो, कारण त्यात कसला मुलामाच नाही. गाव तो विसरलं नाही. १७९०मध्ये जमावानं सें-जां ताब्यात घेतला आणि तिथला अधिकारी बोसे याला ठार मारलं.

तीनच वर्षांत याच भिंतींआड राजघराण्यातली दोन मुलं आली. ओर्लेआंचा ड्यूक फिलिप ‘एगालिते’ यानं क्रांतीच्या बाजूनं आपल्याच भाऊबंदाच्या, सोळाव्या लुईच्या मृत्युदंडाला मत दिलं होतं. नोव्हेंबर १७९३मध्ये तोही गिलोटिनखाली गेला. त्याचे धाकटे दोन मुलगे, मोंपान्सिए आणि बोजोले, सें-जांमध्ये अडकून राहिले. जून १७९५मध्ये बाहेरून आलेल्या टोळ्यांनी किल्ल्यातल्या जाकोबां कैद्यांची कत्तल केली. ती या दोघा भावांनी आतून अनुभवली. मोंपान्सिएनं पुढे आठवणी लिहिल्या. माझा या किल्ल्याचा नाद त्यांच्यापासूनच सुरू झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघांनी पळून जायचा बेत केला. सोळा वर्षांचा बोजोले दारातून निसटला. वीस वर्षांचा मोंपान्सिए दोरानं खाली उतरत असताना दोर तुटला, पाय मोडला, पोरगा पाण्यात पडला आणि पकडला गेला. बोजोले तोवर मोकळा झाला होता. भाऊ सापडल्याचं कळताच तो आपणहून तुरुंगात परतला.

सावरकरांची उडी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत गेली. या उडीला ना न्यायालय मिळालं ना पोवाडा, कारण उडी मारणारा राजपुत्र होता आणि दिवस क्रांतीचे होते. पण परत फिरणारा तो सोळा वर्षांचा मुलगा मला किल्ला बांधणाऱ्या लुईपेक्षा मोठा वाटतो.

१७९६मध्ये दोघा भावांची सुटका झाली ती अमेरिकेला जाण्याच्या अटीवर. तिथे थोरला भाऊ लुई-फिलिप भेटला, पण तुरुंगानं दोघांची छाती पोखरली होती. मोंपान्सिए १८०७मध्ये इंग्लंडात क्षयानं गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला गेला. बोजोलेला उबदार हवेसाठी माल्टाला नेलं, तिथे तो १८०८मध्ये वारला. त्याला पुरलं ते वालेटात, सेंट जॉनच्या पंथानं बांधलेल्या चर्चमध्ये. म्हणजे ज्या पंथाच्या मठावर त्याचा तुरुंग उभा होता, त्याच पंथाच्या छपराखाली. पंथाला मात्र नेपोलियननं १७९८मध्येच माल्टातून हाकललं होतं. लुई-फिलिप १८३०मध्ये फ्रान्सचा राजा झाला आणि प्रादिये या शिल्पकाराकडून त्यानं बोजोलेचा पुतळा करवून घेऊन वालेटातल्या त्या चर्चमध्ये बसवला.